दादा, ही दोन भांडणं वेगळी आहेत

कोलोन (जर्मनी), रविवार

प्रिय दादा, वहिनी, ताई, भावोजी, आणि आई, तुला साष्टांग नमस्कार,

दिवाळीला तुम्ही बडोद्याहून निघून नाशिकला ताईकडे जमलात हे फोटोत बघितलं, चकली वहिनीची दिसतेय, ताईची एवढी सरळ येत नाही. पत्र मुद्दाम ताईच्या पत्त्यावर पाठवतेय. भावोजी, तुम्ही प्रिंट काढून दादाच्या हातात द्या कारण त्याने फॅमिली ग्रुप सोडलाय आणि मोबाईलवर चार ओळींच्या पुढे तो वाचतही नाही.

दादा, युरोपच्या कार्बन टॅक्सवरून भांडून तू ग्रुप सोडताना जे लिहिलंस ना, की "तिकडे हीटर लावून बसायचं आणि आम्हाला कार्बन शिकवायचा", ते मला लागलं वगैरे काही नाही, उलट अर्धं पटलं. म्हणूनच लिहितेय. अर्ध्यासाठी मी तुझ्या बाजूने आहे आणि उरलेल्या अर्ध्यासाठी तुझ्याशी भांडणार आहे, आणि तू ही दोन्ही एकत्र करून टाकलीस हाच माझा राग आहे.

आधी तुझी बाजू. तुझ्या इथल्या पार्टीने, म्हणजे तुझे बोल्ट घेणाऱ्या गिऱ्हाइकाने, जे एक्सेल पाठवलंय ते मी शनिवारी पूर्ण उघडून बघितलं, टॅबच संपत नाहीत. बडोद्यात मकरपुऱ्याच्या शेडमध्ये हेडिंगची मशिनं, थ्रेड रोलिंग आणि एक फर्नेस असलेल्या माणसाला विचारतायत की तुझ्या बोल्टच्या एका टनामागे किती कार्बन डायऑक्साइड हवेत गेला. गंमत म्हणजे तुझ्या शेडमधून जातो तो किरकोळ, फर्नेसच्या गॅसचा काय तो. खरा सगळा कार्बन त्या वायर रॉडमध्ये, बोल्ट ज्या पोलादी तारेतून होतो तिच्यात, आधीच बसलेला आहे, पोलाद वितळवताना गेलेला. आपल्याकडे कोळशावर पोलाद होतं त्यामुळे टनामागे सरासरी अडीच टनांच्या आसपास पडतो, भंगारापासून विजेच्या भट्टीत केलं तर त्याच्या पाव हिश्शावर येतो. आता हा आकडा तुला कोण देणार? रॉड देणारा डीलर? तो जीएसटीचं बिल वेळेवर देत नाही. आणि आकडा नाही दिलास तर हे लोक स्वतःचा ठरलेला आकडा लावणार, तो मुद्दाम चढा ठेवलेला असतो. युरोपच्या ह्या कार्बन टॅक्सचे 2023 च्या ऑक्टोबरपासून नुसते रिपोर्ट चालू होते, जानेवारी 2026 पासून येणाऱ्या मालावर पैसे लागू झालेत, भरायचे इथल्या आयातदाराने पण तो ते तुझ्याच रेटमधून कापणार हे सांगायला ज्योतिषी नको. वर्षाला 50 टनांच्या आत माल आणणाऱ्यांना आत्ता सूट दिलीय म्हणे, पण तुझी पार्टी त्याच्या कितीतरी वर आहे.

आणि अन्याय कुठे आहे तेही बघ, हे तुला ग्रुपवर कोणी सांगितलं नाही. युरोपात कार्बनचे परवाने विकत घ्यायची पद्धत 2005 ला सुरू झाली, पण पोलादवाल्यांना इतकी वर्षं बहुतेक परवाने फुकट मिळत आले, आता ते 2034 पर्यंत हळूहळू बंद होणार. म्हणजे ह्यांच्या मोठ्या कारखान्यांना वीस-तीस वर्षं सवय करायला दिली आणि तुला दोन वर्षांचा रिपोर्ट आणि मग बिल. आपण माणशी वर्षाला 2 टनांच्या आसपास, जर्मन माणूस 7 टनांच्या आसपास, आणि मागच्या शंभर वर्षांचा धूर कोणाचा हे तर विचारूच नको. आपलं सरकार ह्यावर ओरडतंय ते बरोबर ओरडतंय, मी तुझ्या त्या आवडत्या लोकांना मत देणार नाही तरी हे म्हणते.

इथेही सगळे साधूसंत नाहीत हं. कोलोनपासून जवळच उघडी कोळशाची खाण आहे, तिच्यासाठी ल्युत्सेराट नावाचं गाव 2023 च्या जानेवारीत पोलीस लावून रिकामं केलं, आणि तेव्हा सरकारात ग्रीन पार्टी होती! त्याच वर्षी एप्रिलमध्ये शेवटच्या अणुभट्ट्या बंद केल्या. मग घराच्या हीटिंगचा कायदा आणला, की नवीन बॉयलर बसवायचा तर 65 टक्के ऊर्जा अपारंपरिक हवी, हीट पंपाला 70 टक्क्यांपर्यंत सबसिडी देऊ, तरी शेजारचे आजोबा अजून त्या विषयावर सुरू झाले की मी भाजी करपेल सांगून घरात येते. त्यांचं म्हणणं तुझ्यासारखंच आहे अगदी, की नियम करणारे बर्लिनमध्ये आणि खर्च माझ्या तळघरात. 2024 च्या जानेवारीत शेतकरी डिझेलच्या सवलतीवरून ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर, त्याच वर्षाच्या शेवटी सरकारच कोसळलं, 2025 मध्ये आलेलं सरकार म्हणालं तो हीटिंगचा कायदा काढून टाकू. हवा गरम होतेय हे त्यातले बहुतेक जण मान्य करतात, भांडण आहे ते बिल कोणी भरायचं याचं.

इथपर्यंत आपण एक. आता पुढचं नीट वाच, चिडायचं असेल तर चहा घेऊन चिड.

ह्या युरोपच्या टॅक्सवरून तू थेट उडी मारलीस ती "सगळे पर्यावरणवाले विकासाच्या आड येतात, प्रदूषण बोर्डच बंद करा" इथे. हे वड्याचं तेल वांग्यावर झालं. कार्बनचा टॅक्स हे देशादेशांतलं न्याय-अन्यायाचं भांडण आहे. पण तुझ्या बोल्टना मुलामा देणाऱ्या प्लेटिंगवाल्याचं ॲसिड कुठे जातं हे तुझं आणि बडोद्याजवळच्या पादरा तालुक्यातल्या विहिरीचं भांडण आहे, त्यात जर्मनीचा काय संबंध? बडोद्याच्या कारखान्यांचं पाणी खंभातच्या आखातात नेणारा तो कालवा 1983 मध्ये झाला, 55 किलोमीटरच्या आसपास लांब, आणि त्याच्या बाजूच्या गावांची पाण्याबद्दलची ओरड आपण लहानपणापासून ऐकतोय. 2017 च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने अख्ख्या देशाला सांगितलं की सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा चालू नसेल तर कारखाना चालवायचा नाही, ती केस लढणारी मंडळी आपल्या बडोद्याचीच. त्यांना तू ग्रुपवर "परदेशी पैसेवाले" म्हणालास. आईसमोर म्हणाला असतास तर आईने तिथेच थांबवलं असतं.

तुला प्लेटिंगवाले काका आठवतात का, बाबांच्या वेळचे, शेडच्या मागच्या बाजूला त्यांचं जॉबवर्क होतं? उन्हाळ्यात लुंगी नेसून टाकीवर वाकलेले असायचे, बोल्टची टोपली पिवळ्या पाण्यात खालीवर करत. बोटांच्या पेरांवर खड्डे पडलेले, बरेच होत नसत. एकदा त्यांनी मला हसत हसत दाखवलं होतं, नाकाच्या आतला पडदाच राहिला नव्हता, ह्या बाजूने त्या बाजूला आरपार. मला वाटलं काहीतरी जादू आहे. ते क्रोमियमचं काम, सहा नंबरचं क्रोम म्हणतात ते. मग 2006 च्या जुलैत युरोपात इलेक्ट्रॉनिक्सच्या मालात ते क्रोम चालणार नाही असा नियम लागू झाला, गाड्यांच्या मालात पुढच्या वर्षी, आणि तुझ्या ह्याच पार्टीने बाबांना पत्र पाठवलं की आता तीन नंबरचं क्रोम वापरा नाहीतर माल नको. बाबा महिनाभर शिव्या देत होते, गोऱ्यांना आपला धंदा बघवत नाही म्हणून. मग केलं. रेट थोडा वाढला, माल जात राहिला, आणि काकांच्या नंतर जो मुलगा त्या टाकीवर आला त्याचं नाक शाबूत आहे. तो नियम कोणी काकांसाठी केला नव्हता, तिकडच्या लोकांसाठी केला होता, पण फायदा मकरपुऱ्यात झाला. त्यामुळे बाहेरून आलेला प्रत्येक नियम म्हणजे कट असं निदान आपल्या घरात तरी बोलू नये.

तू म्हणशील की नियम म्हणजे हप्ता, माणूस येतो, चहा पितो, पाकीट घेतो, जातो. असेल. पण मग रोग कुठे आहे ते तरी बघ. गुजरातेतच 2009 ते 2011 दोन वर्षं एक प्रयोग झाला होता, राज्याच्या प्रदूषण बोर्डाला बरोबर घेऊन. कारखान्याचं ऑडिट करणारा ऑडिटर कारखानाच निवडायचा, पैसेही कारखानाच द्यायचा, तर रिपोर्टमध्ये धुराचे आकडे कसे येत होते? मर्यादा 150 ची असेल तर बरोबर तिच्या जरा खाली, एकजात सगळे. मग काही कारखान्यांना ऑडिटर चिठ्ठी टाकून दिले, पैसे एका सामायिक फंडातून दिले, आणि मधून मधून दुसऱ्याने जाऊन तेच मोजून बघितलं. ऑडिटर खरं लिहायला लागले, आणि कारखान्यांनी प्रदूषण कमी पण केलं. नियम तोच होता दादा, पाकीट कोण देतो एवढंच बदललं. सुरतला तर 2019 पासून धुळीच्या कणांचा बाजार चालू केला, चिमणीला मीटर, ज्याने कमी सोडलं तो उरलेला कोटा विकणार, 20 ते 30 टक्के धूळ कमी झाली. व्यापारी डोक्याचा उपाय आहे, तुला आवडायला हवा. बोर्ड बंद करा म्हणण्यापेक्षा हे बडोद्यात आणा असं तुझ्या असोसिएशनमध्ये बोल की, तिथे तुझा शब्द चालतो.

आता विश्वामित्री, आपली बडोद्याची नदी. हा विषय मी टाळणार होते पण तूच काढलास. 2024 च्या ऑगस्टमध्ये बडोद्यातल्या समा भागातल्या आपल्या घरात पाणी आलं तेव्हा मी इथे रात्रभर फोन धरून बसले होते, आई माळ्यावर, तू बॅटरी वाचवायला फोन बंद केलेला. नदी 35 फुटांच्या वर गेली होती. फ्रिज आडवा होऊन स्वयंपाकघरात तरंगत होता, आणि पाणी उतरल्यावर भिंतीवर राहिलेली ती चिखलाची रेघ वहिनीने व्हिडिओ कॉलवर दाखवली, देवघराच्या बरोबर वर. तीन दिवसांत वस्तीतून 24 मगरी पकडल्या वनखात्याने. तू ग्रुपवर लिहिलंस की हा पूर क्लायमेट चेंजचा, म्हणजे युरोप-अमेरिकेचा, नुकसानभरपाई त्यांनी द्यावी.

अर्धं बरोबर. पाऊस विचित्रच होता, ते डिप्रेशन, म्हणजे कमी दाबाचं क्षेत्र, जमिनीवरून समुद्रात गेलं आणि तिथे त्याचं असना वादळ झालं, ऑगस्टमध्ये अरबी समुद्रात असं 1976 नंतर झालं नव्हतं. पण आभाळातून पडलेलं पाणी आपल्या देवघरापर्यंत कशाने आलं? कोतरं, म्हणजे नदीकाठच्या घळी, बुजवून. जिथे पावसाळ्यात पाणी पसरायचं, मोर ओरडायचे, तिथे आता पार्टी प्लॉट आणि टॉवर आहेत, बांधकामाचा मलबा नदीच्या काठावर टाकलेला असायचा तो मी स्वतः बघितलाय. हरित लवादाने 2021 च्या मे मध्ये सांगितलं होतं की नदीची हद्द आखा, अतिक्रमणं काढा, कोतरं वाचवा. पुराच्या तीन वर्षं आधी! गाळ काढायला आणि पात्र रुंद करायला मशिनं उतरली ती पुरानंतर, 2025 मध्ये. ह्यात ब्रसेल्सचा कोणता माणूस होता? मला सगळ्यात जास्त चीड याची येते की आधी हेच लोक क्लायमेट वगैरे थोतांड म्हणतात आणि पूर आला की तेच क्लायमेटचं नाव पुढे करून हात झटकतात, म्हणजे बिल्डर सुटला, पालिका सुटली, सही करणारा सुटला. सयाजीरावांच्या वेळी आजवा धरण बांधलं तेव्हा पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हे आधी बघितलं होतं, आणि आपण गायकवाडांचं नाव घेत छाती फुगवतो फक्त.

आणि ते 1986 चं पण सांगते, कारण तू म्हणालास नियमांनी नद्या सुधारत नसतात. माझ्या खिडकीतून ऱ्हाइन दिसत नाही पण ट्राममधून रोज दिसते. 1986 च्या 1 नोव्हेंबरला वर बाझेलला एका केमिकल गोदामाला आग लागली, विझवायचं पाणी कीटकनाशकांसकट नदीत गेलं, नदी लाल झाली आणि शेकडो किलोमीटर मासे मेले. त्याच्या पुढच्या वर्षी नदीकाठच्या देशांनी मिळून कार्यक्रम आखला, कारखान्यांना कडक अटी घातल्या, आणि केमिकलचे कारखाने कुठे पळून गेले नाहीत, आजही काठावर आहेत. नदीत साल्मन मासे परत आलेत. बडोद्याजवळच्या नंदेसरीच्या केमिकलवाल्यांना हे सांगितलं तर म्हणतील ते श्रीमंत आहेत. पण तेव्हा कारखानेवाले इथेही परवडत नाही असंच म्हणत होते.

बरं, कामाचं. तुझं ते एक्सेल मी भरून देते, त्यासाठी मला फर्नेसचं गेल्या वर्षीचं गॅसचं बिल, वायर रॉडच्या खरेदीचे टन आणि डीलरकडून मिलचं टेस्ट सर्टिफिकेट पाठव, त्यावर मिलचं नाव असतं, मिलला मी थेट इमेल टाकते, मोठ्या मिल्स आता हे आकडे ठेवायला लागल्यात. वेळेत झालं तर तो चढा आकडा टळू शकेल. ह्याच्या बदल्यात तू दोन गोष्टी करायच्यास: त्या प्लेटिंगवाल्याला विचारायचं की वापरलेलं ॲसिड कोण उचलतं आणि त्याची पावती आहे का, आणि समाच्या सोसायटीने कोतरातल्या त्या नवीन प्लॉटबद्दल हरकत लिहिलीय तिच्यावर सही करायची. सेक्रेटरी सांगत होते सगळ्यांची झाली, तुझी एकट्याची राहिलीय.

आई, बीपीची गोळी नाशिकला नेलीस ना? ताई, तिला गोदाकाठी पहाटे नेऊ नकोस, गुडघा दुखतो आणि ती सांगत नाही. भावोजी, दादाला ग्रुपवर परत घ्या, ॲडमिन तुम्हीच आहात.

तुमची
मनू