तिसऱ्या वर्षाअखेरची निष्पत्ती: विज्ञानमंत्र्यांना खुले पत्र

माननीय विज्ञानमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

मी स्तनाच्या कर्करोगावर काम करणारी संशोधक आहे. इस्ट्रोजेन या अंडाशयात तयार होणाऱ्या हार्मोनवर पोसणाऱ्या गाठी, ते हार्मोन अडवणाऱ्या टॅमॉक्सिफेन या औषधाला कालांतराने जुमानेनाशा का होतात, हा माझा विषय. अनुदानाच्या अर्जात एक रकाना असतो, ‘तिसऱ्या वर्षाअखेर अपेक्षित निष्पत्ती’. हे पत्र त्या रकान्याविषयी आहे.

टॅमॉक्सिफेनचीच कुंडली पाहा. अंडाशय काढल्यावर काही रुग्णांची गाठ आक्रसते, हे ग्लासगोचे सर्जन जॉर्ज बीटसन यांनी 1896 मध्येच नोंदवले होते. असे का होते, याचा धागा हाती लागायला साठ वर्षे गेली. शिकागोत एलवूड जेन्सन यांनी किरणोत्सारी हायड्रोजन जोडलेले इस्ट्रोजेन वापरून ते कोणत्या ऊतींत साठून राहते हे शोधले आणि इस्ट्रोजेन रिसेप्टरची, म्हणजे पेशीत इस्ट्रोजेनला पकडणाऱ्या प्रथिनाची ओळख पटली. दरम्यान 1962 मध्ये आयसीआय कंपनीत डोरा रिचर्डसन यांनी टॅमॉक्सिफेन तयार केले, तेही गर्भनिरोधक म्हणून. त्या कामी ते साफ फसले. आपल्या रकान्याच्या हिशेबाने प्रकल्प अयशस्वी, फाइल बंद. आज हे जगातल्या असंख्य स्त्रियांचे स्तनकर्करोगावरचे औषध आहे.

मेरी-क्लेअर किंग यांनी आनुवंशिक स्तनकर्करोगाचा माग काढायला 1974 मध्ये सुरुवात केली. एवढ्या गुंतागुंतीच्या आजारामागे एकच जनुक असू शकते, हे तेव्हा फार थोड्यांना पटत होते. त्यांनी 1990 मध्ये बीआरसीए1 या जनुकाचा पत्ता सतराव्या गुणसूत्रावर दाखवला. जनुक प्रत्यक्ष हाती आले 1994 मध्ये, आणि त्यातला दोष हेरून पेशी मारणारे ओलापारिब हे औषध स्तनाच्या कर्करोगासाठी अमेरिकेत मंजूर झाले 2018 मध्ये. पहिल्या प्रश्नापासून गोळीपर्यंत 44 वर्षे.

हा उशीर संशोधकांच्या आळसाचा नाही, महोदय. आजाराची चालच तशी आहे. सुमारे 63 हजार स्त्रियांच्या नोंदी एकत्र करून 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात दिसले, की इस्ट्रोजेन-रिसेप्टर असलेला कर्करोग पाच वर्षांचे हार्मोन उपचार संपल्यावरही विसाव्या वर्षापर्यंत उलटत राहतो. आता तीन वर्षांचा प्रकल्प घ्या. औषधाला न जुमानणाऱ्या पेशी प्रयोगशाळेत तयार करायच्या, तर त्यांना महिनोन्‌महिने टॅमॉक्सिफेनमध्ये वाढवावे लागते. पहिल्या वर्षाचा मोठा भाग त्यातच जातो. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठींचे तुकडे उणे 80 अंशांवर ठेवता येतात, पण ती गाठ ज्या बाईची होती तिचे पुढे काय झाले, हे कळल्याशिवाय तो तुकडा आम्हाला जवळपास निरुपयोगी असतो. ते कळवणारी व्यक्ती म्हणजे दर सहा महिन्यांनी रुग्णांना फोन करणारी, पत्ते बदलले तर शोधून काढणारी कंत्राटी सहायक. प्रकल्प संपला की पहिली नोकरी तिची जाते. फ्रीझर चालू राहतो, माहिती थांबते. शोधनिबंधात तिचे नाव फार तर आभारात असते, ही आम्हा शास्त्रज्ञांचीही लाज.

काही प्रश्न तर सार्वजनिक पैशाशिवाय कोणी विचारणारच नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या नेतृत्वाखाली 1,600 स्त्रियांवर एक चाचणी झाली. शस्त्रक्रियेच्या काही मिनिटे आधी गाठीभोवती लिडोकेन, म्हणजे भूल देण्याचे जुने, स्वस्त औषध टोचायचे, एवढाच बदल. पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण 86.4 वरून 90.1 टक्क्यांवर गेले. निष्कर्ष इतरत्रही पडताळायला हवा, हे खरे. पण रुग्णांची नोंदणीच दहा वर्षे चाललेल्या या चाचणीतून कोणत्या कंपनीला नफा होणार होता?

सर्वांनाच दहा वर्षांचे अनुदान द्या, असे माझे म्हणणे नाही. पेशींवरचे बरेच प्रश्न तीन वर्षांत सुटतात आणि काही सुटण्याजोगेच नव्हते, हेही तेवढ्यात कळते. पण ज्या गटांकडे ऊतींचे नमुने आणि रुग्णांच्या नोंदी दोन्ही आहेत, त्यांच्यासाठी दहा वर्षांची वेगळी योजना हवी. पाचव्या वर्षी कडक तपासणी करा, काम नसेल तर बंद करा. पाठपुरावा करणाऱ्या सहायकांचे पगार मात्र प्रकल्पाला न बांधता संस्थेच्या कायम खर्चात धरा.

सुरुवातीला पाच-सहा गट पुरेत. बंद पडलेल्या प्रकल्पांचे किती नमुने फ्रीझरमध्ये बेवारस पडले आहेत, याची यादी प्रत्येक संस्थेकडून मागवा. ते गट कोणते असावेत, हे त्यातूनच कळेल.

आपली,
एक कर्करोग संशोधक