आपला ज्वालामुखी बिनतोंडाचा

गुहागर

प्रिय दिगू,
सप्रेम नमस्कार.

तुझा प्रश्न वाचून आधी हसू आलं, पण विचारलंस ते रास्त. सगळा महाराष्ट्र लाव्हाचा म्हणतात, तर तो ज्वालामुखी आहे कुठे? फुजीच्या फोटोत दिसतो तसा एखादा तरी शंकू नको? फोनवर हे सांगून होणार नाही, म्हणून कागद घेतला.

अरे, लाव्हा किती घट्ट आणि त्यात वायू किती कोंडलेला, यावर बरंच काही ठरतं. सिलिका, म्हणजे वाळूत असतं ते द्रव्य, जास्त असली की लाव्हा चिकट होतो, वायूला वाट मिळत नाही आणि शेवटी तो डोंगरच फोडून बाहेर पडतो. 1980 साली अमेरिकेतल्या सेंट हेलेन्सची उत्तरेकडची बाजू ढासळली आणि स्फोट आडवा झाला. 1883 मध्ये क्राकाटोआ फुटला, त्याचा आवाज सुमारे 4800 किलोमीटरवरच्या रॉड्रिग्ज बेटावर ऐकू गेला! बेसॉल्टचा, म्हणजे आपल्याकडच्या काळ्या दगडाचा, लाव्हा त्यामानाने पातळ. वायू सहज निसटतो, लाव्हा लांबवर पसरतो. हवाईचा मौना लोआ 4000 मीटरपेक्षा उंच आहे, पण उतार इतका मंद की फोटोत तो डोंगर वाटतच नाही.

आपल्याकडे तर डोंगराचंही काम पडलं नाही. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वाहत राहिला. थरावर थर बसले, मधे मोठमोठे खंड पडले. वरचा पापुद्रा आधी थिजायचा, खालून नवा लाव्हा शिरायचा आणि तव्यावरच्या भाकरीसारखा अख्खा थर फुगून वर यायचा. झिजून झिजून उरलंय तेच आज 5 लाख चौरस किलोमीटर भरतं.

असलं काही माणसाने पाहिलंय का, तर त्याची छोटी आवृत्ती पाहिलीय. 1783 मध्ये आइसलंडात लाकीला 27 किलोमीटरची भेग उघडली आणि आठ महिने वाहत होती. लाव्हाने फारसं कुणी मेलं नाही. विषारी वायूंनी गवत नासलं, गुरं गेली, मग दुष्काळ पडला आणि देशातली पाचातली एक व्यक्ती दगावली. मला स्फोटापेक्षा याचीच जास्त धास्ती वाटते.

म्हणजे सह्याद्री हा ज्वालामुखी नव्हेच. आडव्या रचलेल्या थरांना पावसाने आणि नद्यांनी कोरून काढलंय. थरातला टणक भाग कडा होऊन उभा राहतो, ठिसूळ भागावर माती धरते आणि रान माजतं. म्हणून पावसाळ्यानंतर डोंगराच्या अंगावर काळ्या-हिरव्या आडव्या पट्ट्या दिसतात. दोन थरांमध्ये कुठेकुठे विटकरी पट्टाही सापडतो. पुढचा लाव्हा येईपर्यंत ऊन-पावसाने तिथे माती केली होती, ती वरून भाजली गेली.

आमच्या शेजारी विहीर खणतायत. वर जांभा, मग शेडी म्हणजे मऊ चिकणमातीसारखा थर, त्याखाली काळवथर, म्हणजे तोच बेसॉल्ट. गड्याने वर काढलेला काळवथराचा एक तुकडा मी उचलून आणलाय. वाटाण्याएवढी भोकं आहेत त्यात, वायूचे बुडबुडे अडकले होते त्या जागा. काहींत नंतर पाण्याने पांढरे स्फटिक भरलेत, उन्हात धरले की चमकतात. आणि वरचा जांभा? तोही मुळात हाच दगड. पावसाने त्यातली सिलिका धुऊन नेली, लोह आणि अ‍ॅल्युमिनियम मागे राहिलं. आमचं चिऱ्याचं घर लाव्हाचंच आहे म्हणालो तर आई म्हणते, चहा घे आता.

राजवाडीच्या, उन्हवऱ्याच्या गरम पाण्यावरून इथे हमखास कुणीतरी म्हणतं की खाली ज्वालामुखी अजून जागा आहे. तसं काही नाही. पावसाचं पाणी भेगांतून खूप खोल जातं, तिथे तापतं आणि वर येतं. देशातला एकमेव जागा ज्वालामुखी अंदमानातलं बॅरन बेट.

दिवाळीत येशील तेव्हा रेल्वेने येऊ नकोस, निम्मा वेळ बोगद्यात जातो. कराडहून एसटी धर, दिवसाउजेडी कुंभार्ली घाट उतर आणि कृपा करून खिडकीशी झोपू नकोस. चिपळूणला मी गाडी घेऊन येतो. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
वसंत