फॉरमॅट मारून हार्ड डिस्क बरी होत नाही

दिनांक : १० मार्च २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : संगणक सुरू होताना वारंवार येणारी फाइल सिस्टिमची (डिस्कवरच्या फाइलींच्या रचनेची) चूक आणि सदोष हार्ड डिस्क वॉरंटीत बदलून मिळण्याबाबत.

महोदय,

मी सांगोल्यात (जि. सोलापूर) डीटीपीचं केंद्र चालवते. लग्नपत्रिका, शाळांचे अहवाल, बचत गटांचे हिशेब, ऑनलाइन अर्ज, सगळी कामं मी एकटीच करते. १४ जून २०२४ रोजी तुमच्या कंपनीचा डेस्कटॉप घेतला. एक टीबीची हार्ड डिस्क आणि जागेवर येऊन दुरुस्तीची तीन वर्षांची वॉरंटी, असं बिलावर स्पष्ट लिहिलेलं आहे.

पहिले चार महिने मशीन छान चाललं. ऑक्टोबरमध्ये एका सकाळी बटण दाबल्यावर कंपनीच्या चिन्हाखाली ‘स्कॅनिंग अँड रिपेअरिंग ड्राइव्ह सी’ अशी ओळ आली. टक्के अकरापर्यंत चढले आणि तिथेच पाऊण तास थांबले. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच, मग एक दिवसाआड. दुकानात अर्जाची शेवटची तारीख धरून पोरं उभी आणि मी स्क्रीनकडे बघत बसलेली, अशा किती सकाळी गेल्या ते सांगत बसत नाही. तुमच्या माणसांनी त्यावर काय केलं, ते मात्र नीट सांगायचं आहे.

१९ ऑक्टोबरला आलेल्या टेक्निशियननी चेक डिस्क (फाइलींची रचना तपासून दुरुस्त करणारं विंडोजचं साधन) चालवलं, मशीन एकदा बंद-चालू करून दाखवलं आणि तक्रार बंद केली. ३ डिसेंबरला दुसरे आले, त्यांनी फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकली. दहा दिवस बरे गेले आणि अकराव्या दिवशी तीच ओळ परत आली. दोन्ही वेळा त्यांनी मशीनमधली तुमचीच तपासणी चालवली, पण लहान, दोन-तीन मिनिटांत संपणारी. तिच्यात डिस्कचा थोडासाच भाग वाचला जातो. पूर्ण पृष्ठभाग वाचणारी मोठी तपासणी एक टीबीच्या डिस्कला काही तास घेते. ‘तेवढा वेळ नसतो मॅडम’ असं उत्तर मिळालं. जॉब शीटवर मात्र ‘हार्डवेअर ओके’ लिहिलं गेलं.

तिसरी भेट २१ जानेवारीची. आलेले टेक्निशियन दहा मिनिटांत गेले. दुसऱ्या दिवसापासून सकाळचा संदेश येणं बंद झालं. मला खरंच वाटलं की प्रश्न सुटला. मी फोनवर त्यांचे आभारही मानले होते.

त्यांनी काय केलं होतं, ते फेब्रुवारीच्या शेवटी कळलं. आमच्या इथल्या महाविद्यालयात संगणक शिकवणारे एक सर आहेत, त्यांनी मशीन बघितलं. ड्राइव्हवर गडबड झाली की विंडोज तिच्यावर एक खूण करून ठेवते आणि ती खूण दिसली की सुरू होताना तपासणी करते. तुमच्या टेक्निशियननी ‘चेकएनटीएफएस’ची आज्ञा देऊन सी ड्राइव्ह त्या तपासणीतूनच वगळून टाकला होता. खूण तशीच होती, बिघाड तसाच होता, फक्त मला दिसेनासा केला होता. महोदय, ही दुरुस्ती नाही. घरात धूर झाल्यावर वाजणारी घंटा कापून ठेवावी, तसं हे आहे. आणि हे मला न सांगता केलं गेलं, याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

कारण त्या पाच आठवड्यांत माझं जे नुकसान झालं, ते भरून येणारं नाही. एक निवृत्त शिक्षक आपल्या आईकडून आणि गावातल्या बायकांकडून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांचं पुस्तक माझ्याकडे करून घेत होते. १८४ पानं जुळवून झाली होती. ते गुरुजी शेजारी खुर्ची घेऊन बसायचे, फोनवर त्यांच्या म्हाताऱ्या मावशींना विचारायचे आणि आम्ही तिथल्या तिथे शब्द दुरुस्त करायचो. मावशींना आठवत गेल्या तशा बावीस ओव्या नव्याने घातल्या, ज्या त्यांच्या वहीत नव्हत्याच. २४ फेब्रुवारीला फाइल उघडली तर मधली ३१ पानं चौकोन आणि खुणांनी भरलेली. त्या बावीसपैकी चौदा ओव्या त्यातच होत्या. मी दर शनिवारी पेन ड्राइव्हवर प्रत घेते. पण फाइलचं नाव तेच होतं आणि आकारही तोच, आतला मजकूर तेवढा गेलेला. म्हणून शनिवारी चांगल्या प्रतीवर बिघडलेलीच प्रत जाऊन बसली. सकाळचा तो संदेश येत राहिला असता तर मी सावध राहिले असते, जुनी प्रत वेगळी ठेवली असती.

सी ड्राइव्हवर आता ‘फाउंड’ नावाचं एक लपलेलं फोल्डर आहे. चेक डिस्कला ज्यांचा मालक सापडला नाही असे फाइलींचे तुकडे त्यात पडले आहेत. त्यातले काही आम्ही उघडून पाहिले. एका तुकड्यात कुणाच्या तरी पत्रिकेतलं अर्धं आमंत्रण होतं. ओव्या नव्हत्या.

आता तुमच्या ४ मार्चच्या ईमेलबद्दल. ‘ग्राहकाकडील अनियमित वीजपुरवठ्यामुळे फाइल सिस्टिम खराब झाली, हे वॉरंटीत बसत नाही’ असं तुम्ही कळवलंत. कुणी येऊन वीज तपासली? माझ्याकडे पहिल्या दिवसापासून यूपीएस आहे, त्याचं बिल जोडलं आहे. मशीन मध्येच बंद पडलं तर विंडोज पुढच्या वेळी आपल्या नोंदवहीत ‘कर्नेल पॉवर ४१’ अशी नोंद करते. जानेवारीपासूनच्या नोंदी आम्ही एकेक करून पाहिल्या, तशी एकही नाही. त्याऐवजी काय सापडलं? ‘डिस्क’च्या नावाने ७ क्रमांकाची नोंद, म्हणजे डिस्कवर खराब ब्लॉक असल्याची. ती सतरा वेळा. आणि तिच्यामागोमाग ‘एनटीएफएस’ची ५५ क्रमांकाची, म्हणजे फाइलींची रचना बिघडल्याची. आधी डिस्कची नोंद, मग फाइल सिस्टिमची, हा क्रम प्रत्येक वेळी तोच आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या नोंदी डिसेंबरच्या फॉरमॅटमध्ये पुसल्या गेल्या.

पण हार्ड डिस्क स्वतःचीही एक नोंद ठेवते, ती फॉरमॅटने पुसली जात नाही. तिला स्मार्ट म्हणतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. महाविद्यालयातल्या सरांनी ती दोनदा वाचली. वाचता न आल्यामुळे निर्णय अडलेले सेक्टर (डिस्कवरचे माहिती साठवायचे छोटे कप्पे) २६ फेब्रुवारीला ४८ होते, ६ मार्चला ११२ झाले. बदली जागेवर हलवलेले सेक्टर ८ वरून ४० वर गेले. केबल खराब असती तर सीआरसी चुकांचा, म्हणजे केबलमधून जाताना डेटा बिघडल्याचा, आकडा वाढला असता. तो दोन्ही दिवशी शून्य आहे. तरीही खात्रीसाठी आम्ही डिस्क जोडणारी नवी साटा केबल लावून पाहिली, मदरबोर्डवरची जागाही बदलली, फरक पडला नाही. मेमरीची तपासणी रात्रभर चालवली, तीही स्वच्छ निघाली. शेवटी तुमचीच मोठी तपासणी लावली, जी तुमच्या माणसांनी एकदाही लावली नव्हती. ती नापास झाली. त्या स्क्रीनचा फोटो आणि स्मार्टच्या दोन्ही नोंदी सोबत पाठवत आहे.

तेव्हा फाइल सिस्टिम हा रोग नव्हताच. डिस्क मरत होती आणि तुम्ही दर वेळी तिच्यावरच्या फाइलींना दोष देत राहिलात. पहिल्याच भेटीत कुणी पाच मिनिटं काढून स्मार्टचे आकडे वाचले असते, तर ऑक्टोबरमध्येच डिस्क बदलून हा विषय संपला असता.

कस्टमर केअरवरच्या बाईंनी मला असंही सांगितलं की मशीन दुकानात वापरलं जातं, म्हणून मी ग्राहक ठरत नाही. हे चुकीचं आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(७) च्या स्पष्टीकरणात म्हटलं आहे की केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू ‘व्यापारी कारणासाठी’ घेतली असं धरलं जात नाही. या मशीनवर माझं घर चालतं. माझ्याकडे नोकर नाही, दुकानात दुसरा संगणक नाही.

माझी मागणी अशी आहे. हार्ड डिस्क नवी बसवून द्यावी, दुरुस्त केलेली जुनी नको, आणि तिच्यावर नव्याने पूर्ण वॉरंटी लेखी द्यावी. जुनी डिस्क काढाल तेव्हा उरलेला डेटा माझ्यासमोर नव्या डिस्कवर घ्यावा. तिच्यात लोकांचे आधार, सातबारे, पोरांचे दाखले आहेत. त्यांच्या विश्वासावर ते माझ्याकडे आहेत, त्यामुळे ती डिस्क पूर्ण पुसल्याचं माझ्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी कुणाच्या हाती देणार नाही. तज्ज्ञांकडून ओव्यांची फाइल परत मिळवण्याचा प्रयत्न तुमच्या खर्चाने व्हावा, कारण ती तुमच्या माणसाने तपासणी बंद केल्यावर गेली. आणि २१ जानेवारीला नेमकं काय केलं, का केलं आणि कुणाच्या सांगण्यावरून केलं, हे मला लेखी हवं आहे. जॉब शीटवर त्या दिवशी फक्त ‘इश्यू रिझॉल्व्ड’ लिहिलेलं आहे.

त्या तरुण टेक्निशियनची नोकरी जावी अशी माझी इच्छा नाही. दिवसाला किती तक्रारी बंद करायच्या याचा आकडा त्याच्या डोक्यावर असतो, हे त्यानेच मला सांगितलं. तो आकडा तुम्ही ठरवता, म्हणून हे पत्र तुम्हाला आहे.

पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवस वाट पाहीन. त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. मी राहते त्या जिल्ह्यात तक्रार करण्याचा हक्क मला कायद्याने दिला आहे.

डिस्क अजून चालते आहे, पण रोज सकाळी आकडा वाढलेला असतो. ओव्यांची वही परत मागून आणली आहे. रात्री दुकान बंद केल्यावर मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर ती पानं पुन्हा जुळवते आहे. राहिलेल्या चौदा ओव्यांसाठी गुरुजी पुढच्या रविवारी मावशींकडे जाणार आहेत.

आपली,
डीटीपी केंद्रचालक, सांगोला