बंदर पाहून घर ठरवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

यंदा पोळ्याला गावी होतो. पोळा फुटला, बैलं घरी आली आणि ओट्यावर टेकलो तोच चुलतभावाचा पोरगा दोन मित्रांना घेऊन आला. तिघंही मर्चंट नेव्हीच्या तयारीत. त्याने पगाराच्याही आधी विचारलं, "काका, इतके देश पायले तुमी, आता राहाचं कोठी ठरवलं?" हाच प्रश्न यवतमाळ, अमरावतीकडची पोरं मला फोनवरही विचारतात. जहाजावर लागायचं, पैसा जोडायचा, मग एखाद्या छानशा किनाऱ्यावर घर करायचं, असं त्यांनी मनात धरलेलं असतं. मी एकोणीस वर्षं जहाजाच्या इंजिन रूममध्ये काढली आणि सध्या स्वतःच या प्रश्नात अडकलो आहे, म्हणून लिहितो.

जहाजावरच्या माणसाला बंदर दिसतं, गाव दिसत नाही. कंटेनर जहाज धक्क्याला लागलं की एका दिवसात, कधी दहा-बारा तासांतच सुटतं. तेवढ्यात इंधन भरायचं, तेल साफ करणारा प्युरिफायर उघडायचा, जहाज तपासायला आलेल्या सर्व्हेयरला सगळं दाखवायचं. उरल्या वेळात शोअर पास, म्हणजे बंदरात उतरायची परवानगी, घेऊन बाहेर पडलो तर खलाशांसाठीचा सीमेन्स क्लब, सिम कार्ड, घरी व्हिडिओ कॉल, पोरीसाठी चॉकलेट, की परत जहाज. एवढ्यावर आम्ही घरी येऊन सांगतो, फार सुंदर शहर आहे म्हणून. इटलीतलं ट्रिएस्ट मला असंच आवडलं होतं. दोनदा जूनमध्ये गेलो, समुद्र अगदी निवांत. तिसऱ्यांदा गेलो ते जानेवारीत आणि बोरा सुटलेला. डोंगरावरून समुद्राकडे कोसळणारा हा थंड वारा ताशी शंभर किलोमीटर सहज ओलांडतो. माणसांना धरून चालता यावं म्हणून तिथे एके काळी रस्त्याच्या कडेने दोर बांधत. आम्ही जादा दोरखंड टाकून जहाज जखडलं, तरी रात्रभर ते कण्हत होतं. आईला या वाऱ्यात कसं आणायचं, हे मनात आलं आणि ट्रिएस्टचा विचार तिथेच सोडला.

लास पाल्मासचं उलट झालं. आफ्रिकेजवळच्या कॅनरी बेटांवरचं हे स्पेनचं मोठं बंदर, जहाजदुरुस्तीचं ठिकाण, म्हणजे आमच्यासारख्याला किनाऱ्यावरही काम मिळण्याजोगं. 2020 च्या फेब्रुवारीत आम्ही बाहेर लंगर टाकून होतो आणि सहाराची धूळ आली. बेटांवरचे विमानतळ बंद पडले. डेकवर बोटाने नाव लिहिता येईल इतका थर, ब्लोअरच्या जाळ्या तपकिरी. तिथे या धुळीला कालिमा म्हणतात. शब्द आपलाच वाटतो. बाकीचे वैतागले, मला मे महिन्यातली आमची आर्वी आठवली. पुढच्याच महिन्यापासून कोरोनामुळे आम्हाला कुठेच उतरू देईनात. सहा महिन्यांचा करार अकरावर गेला. रोज समोर कुठल्या ना कुठल्या शहराचे दिवे दिसायचे आणि खाली पाय ठेवायची परवानगी नसायची. स्वतःचा एक किनारा असावा, हे तेव्हा मनाने घेतलं.

पुढे एका फेब्रुवारीत, मुद्दाम धुळीच्याच दिवसांत, बायकोला घेऊन लास पाल्मासला महिनाभर भाड्याने राहिलो. आईने फोनवर एकच विचारलं, "तिथचं पानी कसं हाये?" विदर्भातल्या बाईचा प्रश्न, आणि अगदी नेमका. लास पाल्मासला वर्षाला जेमतेम दीडशे मिलिमीटर पाऊस पडतो. नळाला येतं ते मुख्यतः समुद्राचं, मीठ काढलेलं पाणी. चहा आम्हाला फिका लागला. पण आमच्या विहिरीच्या जड पाण्यात चार शिट्या घेणारी तुरीची डाळ तिथे दोन शिट्यांत शिजली आणि बायको खूश झाली. सिंधी व्यापारी तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यामुळे हळद-मसाल्याची अडचण नाही. अडचण भाषेची. दवाखान्यात कुठे दुखतं हे स्पॅनिशमध्ये सांगता यायला हवं. मी रोज तासभर शिकतो आहे.

आता पोरांना कोणीच सांगत नाही ते. जहाजावर काढलेले दिवस त्या देशात राहिल्यात धरत नाहीत. युरोपात दीर्घकालीन वास्तव्याचा हक्क हवा तर पाच वर्षं सलग राहावं लागतं; त्यात एका वेळी सहा महिन्यांच्या आत आणि सगळी मिळून दहा महिनेच बाहेर राहिलेलं चालतं. वर्षातले सहा महिने जहाजावर म्हणजे पाच वर्षांत तीस महिने. कॅनडात कायम वास्तव्याचा हक्क टिकवायला पाच वर्षांतून 730 दिवस तिथे राहावं लागतं. ते जमेल, पण तीस महिने जहाज आणि चोवीस महिने कॅनडा वजा केले तर गावासाठी पाच वर्षांत सहा महिने उरतात. आई-बाप इथे असताना हे परवडतं का, ज्याचं त्याने पाहावं. मला परवडत नाही, म्हणून मी जहाज सोडून किनाऱ्यावरचीच नोकरी शोधतो आहे.

दुसरी गोष्ट शेताची. आमच्या धुऱ्याला लागून अडीच एकर, विहिरीसकट, विकायला निघालं. पैसे होते. वर्ध्याच्या सीएने थांबवलं. परदेशात स्थायिक झालेल्या भारतीयाला इथे शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि परदेशी जहाजावरच्या नोकरीमुळे मी आत्ताच त्या गणतीत येतो, असं ते म्हणाले. वारशाने आलेली जमीन ठेवता येते. विकायची तर भारतात राहणाऱ्यालाच. उद्या तिथलं नागरिकत्व घेतलं तर भारताचा पासपोर्टही सोडावा लागेल. एकोणीस वर्षांत हे मला एकाही सहकाऱ्याने सांगितलं नव्हतं. ते अडीच एकर दुसऱ्याने घेतलं. त्या विहिरीवर मी पोहायला शिकलो होतो.

संपादकसाहेब, आपल्या जिल्हा पानांवर मर्चंट नेव्हीच्या पगाराचे आकडे नेहमी येतात. एखाद्या जाणकार सीएकडून आणि वकिलाकडून हा भागही लिहून घ्या आणि गावोगावच्या पोरांपर्यंत पोचवा, ही कळकळीची विनंती. त्या तिघांना मी एवढंच सांगितलं की जो किनारा आवडेल तिथे त्याच्या सगळ्यात वाईट महिन्यात, स्वतःच्या पैशाने, घरच्या माणसाला घेऊन राहून या. मीही येत्या फेब्रुवारीत आईला घेऊन जातो आहे. तिचा पासपोर्ट मागच्याच आठवड्यात आला.

आपला,
एक सागरी अभियंता
ता. आर्वी, जि. वर्धा