नैरोबीत एक दिवस माणसांसाठीही ठेवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला केनियाच्या सहलीवरचा लेख वाचला. मसाई मारातले सिंह, नदी ओलांडणारे विल्डबीस्टचे कळप, सगळे छान उतरले आहे. नैरोबीच्या वाट्याला मात्र एकच ओळ आली आहे: रात्री मुक्काम करा आणि पहाटे निघा. मागच्या वर्षी आम्हालाही असेच पहाटे काढले होते, म्हणून हे पत्र.

मी ३१ वर्षे शाळेत चित्रकला शिकवली. आमची २२ जणांची सहल होती. माराकडे जाताना रिफ्ट व्हॅलीच्या कड्यावर गाडी थांबली, ती एका मोठ्या दुकानाच्या दारात. स्वच्छतागृह दुकानाच्या मागे, म्हणजे आत शिरल्याशिवाय गत्यंतर नाही. शेकडो जिराफ, शेकडो मुखवटे, एकाच हाताने घाईघाईने उरकल्यासारखे. हे कुणी केले, कुठल्या गावचे, असे विचारले तर "अस्सल एबनी, मॅडम" (म्हणजे अस्सल काळे लाकूड) एवढेच उत्तर. मी हत्ती हातात घेऊन रुमालाने पुसला, तर रुमाल काळा झाला. कुठल्याशा हलक्या लाकडाला बूटपॉलिश फासले होते. आमच्यातले एक जण मुखवट्याकडे बघून म्हणाले, "घरात नको हो, करणीबिरणीचे असते." मला तेव्हा उत्तर सुचले नाही, त्याची रुखरुख अजून आहे. संध्याकाळी सहल व्यवस्थापकाला म्हटले, नैरोबीत एखादे कलादालन दाखवा. तो म्हणाला, "काकू, लोक इथे प्राणी बघायला येतात."

सहल संपल्यावर मी नैरोबीतल्या भाचीकडे चार दिवस राहिले. तिने मला भर शहरात, मोई अव्हेन्यूवरच्या केनिया राष्ट्रीय अभिलेखागारात नेले. जुनी, खांबांची, एके काळी बँक असलेली इमारत आहे. तिच्या तळमजल्यावर मुरुम्बी दालन आहे. तासाभरात बघून होईल म्हणून गेले आणि दुपारचे जेवण चुकले.

तिथल्या एका वस्तूपाशी मी किती वेळ उभी होते, सांगता येणार नाही. लाकडाची उशी. वीतभर उंच, एकाच लाकडातून कोरलेली, खाली पाय आणि वर मान टेकायला खोलगट पाटी. उत्तर केनियातल्या तुर्काना, पोकोट, सांबुरू या जमातींचे पुरुष गुरांमागे फिरताना ती बरोबर बाळगतात. दिवसा बसायला, रात्री मानेखाली. मातीने बसवलेली केशरचना झोपेत विस्कटू नये म्हणून ही युक्ती. तुर्काना लोक तिला एकिचोलोंग म्हणतात. खोलगट भाग केसांच्या तेलाने आणि घामाने काळाभोर, गुळगुळीत झाला होता. आजीच्या घरातल्या पाटा-वरवंट्यातल्या वरवंट्यावर हाताची झीज दिसायची, तशी. ती उशी कुणीतरी वर्षानुवर्षे वापरली होती. कड्यावरच्या त्या दुकानात एकाही वस्तूवर अशी झीज नव्हती, कारण त्या कुणी वापरण्यासाठी केलेल्याच नव्हत्या.

मग काँगोकडचा एक मुखवटा पाहिला. कपाळापासून हनुवटीपर्यंत कवड्या शिवलेल्या. मला एकदम तुळजापूरच्या आराधी बायकांच्या गळ्यातली कवड्यांची माळ आठवली. मालदीवच्या समुद्रातल्या कवड्या जहाजांनी पश्चिम आफ्रिकेपर्यंत जात. तिथे त्या चलन होत्या, आणि त्या मोजून माणसेही विकत घेतली गेली. 'करणीचे असते' म्हणणाऱ्या त्या गृहस्थांना आता मी एवढेच सांगेन की आपल्या देवीच्या अंगावरचीच ही कवडी आहे.

हा संग्रह जोसेफ मुरुम्बी यांचा. वडील गोव्याहून तिकडे गेलेले व्यापारी, आई मसाई. जन्म १९११चा, शिक्षण बेंगळुरूला. आईच्या घराण्याचे नाव त्यांनी लावले. स्वतंत्र केनियाचे ते परराष्ट्रमंत्री झाले, १९६६ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी राजीनामा देऊन बाहेर पडले. पुढे १९७२ मध्ये अॅलन डोनोव्हन या अमेरिकी कलासंग्राहकाबरोबर त्यांनी नैरोबीत 'आफ्रिकन हेरिटेज' हे दालन काढले. साऱ्या खंडातल्या कारागिरांचे काम आफ्रिकेतच, आफ्रिकेच्या नावाने मांडले जावे, हा त्यामागचा ध्यास. त्यांनी जमवलेली ८,००० वर दुर्मीळ पुस्तके आणि कलावस्तू त्यांनी केनिया सरकारकडे सोपवल्या, त्या देशातच राहिल्या. १९९० मध्ये ते गेले. नैरोबीच्या सिटी पार्कमध्ये, १९६५ साली खून झालेले आपले मित्र, केनियाचे स्वातंत्र्यसैनिक पिओ गामा पिंटो यांच्या थडग्याजवळ त्यांना पुरले. पिंटोही मूळचे गोव्याचेच. अर्धे गोव्याचे रक्त असलेल्या माणसाने एवढे उभे केले आणि त्याचे नाव मी साठी उलटल्यावर परक्या शहरात वाचले, याची मला खरोखर खंत वाटते. गोव्याच्या शाळांत तरी हे नाव मुलांना कळते का, हे आपल्या गोव्यातल्या वाचकांनी जरूर लिहावे.

दुसऱ्या दिवशी बाजारात भाचीने कांबा जमातीच्या एका बाईंना किओंडो, म्हणजे घायपाताच्या धाग्याची पिशवी, विणताना दाखवले. बाई मांडीवर धागा ठेवून तळव्याने पीळ देत होत्या, आपण वाती वळतो तशाच. बोलणे चालू, नजर रस्त्यावर, हात थांबत नव्हता. त्यांनी सांगितलेली किंमत मी तशीच दिली. आमच्या सहलीत मात्र अशाच पिशवीसाठी घासाघीस करून निम्म्यात मिळवल्याचा मोठा आनंद होता. त्या पिशवीत किती दिवस गेलेत, हे पाहिलेला माणूस अशी घासाघीस करणार नाही.

लाकडाचीही एक गोष्ट सांगते. मपिंगो हे तिकडचे खरे काळे लाकूड आता फार कमी झाले आहे. म्हणून किनाऱ्याकडचे बरेच कोरीवकाम करणारे कडुनिंबावर काम करतात. हे झाड आपल्याकडून तिकडे गेले. स्वाहिलीत त्याला 'म्वारोबाइनी' म्हणतात, कारण ते चाळीस रोगांवर चालते अशी समजूत, आणि 'अरोबाइनी' म्हणजे चाळीस. भाचीकडे कडुनिंबाचा एक वाडगा होता. रंग उबदार तांबूस, पॉलिशची गरजच नाही. काळेच हवे असा हट्ट गिऱ्हाइकाने सोडला, तर बूटपॉलिशचे हत्तीही बंद होतील.

सहल कंपन्यांना माझी विनंती आहे की जाताना किंवा येताना नैरोबीत अर्धा दिवस ठेवा. कड्यावरच्या दुकानात जेवढा वेळ घालवता, त्यात थोडीच भर पडेल. आणि आपल्या पुरवणीत मुरुम्बी दालनावर एक सविस्तर लेख छायाचित्रांसह छापा. आमच्या इमारतीतली दोन कुटुंबे येत्या ऑगस्टमध्ये माराला निघाली आहेत. त्यांना मी दालनाचा पत्ता लिहून दिला आहे, आणि कागदाच्या मागे त्या उशीचे रेखाचित्र काढून दिले आहे, म्हणजे ती नजरेतून सुटायची नाही.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, सातारा