भिंतीवरच्या सोळा चिठ्ठ्या

नमस्कार बाई,

शाळा सुटताना तुम्हाला गाठून हे सांगायचा दोनदा प्रयत्न केला, पण त्या गडबडीत ‘थँक्यू’च्या पुढे बोलणं गेलंच नाही. आणि इतर पालकांनी, शिक्षकांनीही वाचावं असं वाटतं, म्हणून हे जाहीर पत्र.

माझ्या मुलाला पाढे पाठ होते. सातचा पाढा तो एका दमात म्हणायचा. पण मधूनच ‘सात आठे किती?’ विचारलं, की त्याचे ओठ हलायला लागायचे, कारण त्याला सात एके सातपासून निघाल्याशिवाय छप्पन्नला पोचताच येत नव्हतं. भागाकार आला की नुसता पेन्सिलीला टोक करत बसायचा. मी त्याच्यावर ओरडलेही आहे, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

त्या दिवशी तुम्ही आम्हाला तास बघायला बोलावलंत. वर्गभर, फळ्याशेजारी, खिडकीखाली, दाराच्या मागे सोळा चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. प्रत्येक चिठ्ठीवर वर एक उत्तर आणि खाली एक नवंच गणित. गणित सोडवायचं, त्याचं उत्तर कोणत्या चिठ्ठीच्या डोक्यावर आहे ते शोधायचं, मग तिथलं गणित. सगळं बरोबर आलं तर सोळा चिठ्ठ्या फिरून मूल निघालं तिथेच परत येतं. सुरुवात कुठूनही केली तरी चालते, त्यामुळे पहिला कोण आणि शेवटचा कोण हे कुणाला कळतच नाही. मला हे फार आवडलं.

एका चिठ्ठीवर तुम्ही अक्षरांत लिहिलं होतं, ‘त्रेसष्ट भागिले नऊ’. एका मुलीने वहीत 36 लिहिले. मराठीत एकक आधी ऐकू येतो, तर ही चूक होणारच. तिचं उत्तर आलं 4, आणि 4 भिंतीवर कुठेच नव्हते. ती दोन फेऱ्या मारून आली, वहीकडे बघितलं आणि आपली आपण खोडरबर घेऊन बसली.

माझ्या मुलाची चूक जास्त अवघड होती. त्याने 7 × 8 चे 54 केले. 54 ची चिठ्ठी भिंतीवर होती, ती नऊ सक चोपन्नची. त्यामुळे त्याला काहीच खटकलं नाही, तो पुढे गेला आणि अकरा चिठ्ठ्यांतच सुरुवातीला परत आला. रडवेला झाला. तुम्ही चूक कुठे झाली ते सांगितलं नाहीत. त्याच्याशेजारी उकिडवं बसून एवढंच म्हणालात, “पाच राहिल्यात ना? मग प्रत्येक उत्तराला उलटा भाग देऊन बघ.”

मी मागेच उभी होते. तो एकेक उत्तर भागत आला. 54 ला 7 ने भाग दिला, सात साते एकोणपन्नास, बाकी 5. बोट तसंच कागदावर ठेवून तो म्हणाला, “बाकी उरते म्हणजे हा सातच्या पाढ्यातला आकडाच नाही!” ज्या भागाकाराला तो इतके दिवस घाबरत होता, त्यानेच त्याला चूक शोधून दिली. मग तो 56 च्या चिठ्ठीकडे धावला, आणि त्या वेळी त्याचे ओठ हलत नव्हते.

आता घरी आम्ही दोघं अशा चिठ्ठ्या करतो. परवा मी एकीवर 6 × 4 लिहिलं आणि दुसरीवर 8 × 3. त्याने लगेच मला थांबवलं, “आई, दोन्हींचे चोवीसच येतात, मग पोरांनी जायचं कुठे?” साखळीत प्रत्येक उत्तर एकदाच यायला हवं, हे मला त्याच्याकडून कळलं. तुम्ही त्या सोळा चिठ्ठ्या किती वेळ जुळवत बसला असाल, तेही तेव्हाच लक्षात आलं. तुमच्या त्या वेळेबद्दल, आणि उकिडवं बसून बोललेल्या त्या एका वाक्याबद्दल मनापासून आभार.

त्याने केलेल्या वीस चिठ्ठ्या सोबत पाठवते आहे. सगळे भागाकार आहेत. प्रत्येकाचा ताळा त्याने गुणून केला आहे.

तुमच्या वर्गातल्या एका मुलाची आई