सेतीची कबर

प्रिय सुमे,

किती दिवसांत पत्र नाही, रागावली असशील. तब्येत बरी, गोळ्या चालू आहेत. पण हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

इजिप्तमध्ये लुक्सरला राजांच्या दरीत पहिल्या सेतीची, म्हणजे तिथल्या एका प्राचीन राजाची, कबर पाहिली. शंभर मीटरहून अधिक आत उतरत जाते डोंगराच्या पोटात, आणि दोन्ही बाजूंना रंगवलेली उठावचित्रं. एक दालन मात्र अर्धवट राहिलंय. भिंतीवर नुसत्या रेषा: आधी तांबडी कच्ची आकृती, त्यावर काळ्या रंगात दुरुस्ती. आपल्या कागदावर वाकून कोळसा ओढणारे सर आठवले गं, आणि मला रडूच आलं.

मग ती कापलेली जागा. 1829 मध्ये शाम्पोलियों या फ्रेंच अभ्यासकाने तिथला कोरीव फलक काढून नेला. हाथोर देवी एका हाताने सेतीचा हात धरते आणि दुसऱ्याने आपला हार पुढे करते, तो. आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्याचा जोडीदार फ्लोरेन्सला. चोराने नेला असता तर समजले असते. पण 1822 मध्ये इजिप्तची ती चित्रलिपी उलगडणारा हाच! भिंतीवर काय लिहिलंय ते वाचता येणाऱ्याने ती कापावी? शवपेटी लंडनला, 1824 मध्ये सर जॉन सोनने दोन हजार पौंडांना घेतलेली. राजा स्वतः, म्हणजे त्याची ममी, कैरोत. सगळं विखुरलंय.

तू म्हणशील, नेलं म्हणून वाचलं. लोणावळ्याच्या गाडीत यावरूनच भांडलो होतो, आणि भांडता भांडता माझा वडा तू संपवलास! तुझ्या म्हणण्यात दम आहे, मान्य. 1817 मध्ये बेल्झोनी या इटालियन शोधकाने कबर उघडल्यावर अभ्यासकांनी भिंतींवर ओले कागद दाबून ठसे घेतले, त्यात रंग निघून आले. म्हणजे तिथे राहिलेलंही सुखरूप नव्हतंच. आणि आता आम्ही. आमच्या श्वासाची वाफ त्याच रंगांवर बसते. कबर कित्येक वर्षं बंद होती ती उगीच नाही. प्रेमाने येणारेच सगळे, सुमे, आणि झीज त्यांच्याच हातून. हाच विचार डोक्यातून जात नाही. फलक परत यावेत असं मला अजूनही मनापासून वाटतं, मग आत जाणाऱ्यांची संख्या कमी करावी लागली तरी चालेल.

आईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? त्यांना नमस्कार. लेकीच्या बाळंतपणाला पॅरिसला निघालीस ना? एक दुपार काढ, लूव्रमध्ये हाथोरपुढे उभी राहा, आणि मग भांड माझ्याशी.

तुझी,
वीणा